दोघींचाही वेगस्थिरांक बरोबर आहे: छद्म प्रथम कोटीच्या अभिक्रियेबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. दोन मैत्रिणींनी इथिल अॅसिटेट या एस्टरच्या हायड्रॉलिसिसचा, म्हणजे आम्लाच्या मदतीने पाण्याने ते फुटण्याचा, प्रयोग केला. एकीने अर्धा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले, दुसरीने एक नॉर्मल. तापमान तेच, एस्टर तेवढेच. दोघींचे ग्राफ सरळ रेषेत आले, आर-स्क्वेअर (बिंदू रेषेवर किती नीट बसतात त्याचे माप, जास्तीत जास्त १) ०.९९ च्या वर. पण दुसरीचा वेगस्थिरांक पहिलीच्या जवळजवळ दुप्पट आला. स्थिरांक स्थिर असतो म्हणतात, मग चुकले कोण? शिवाय, एस्टर आणि पाणी असे दोन रेणू भाग घेत असताना कोटी (वेग तीव्रतेच्या कितव्या घाताने बदलतो तो आकडा) एक कशी? आणि एक घटक ‘भरपूर जास्त’ घ्यायचा म्हणजे नेमका किती?

चुकले कोणीच नाही. दोघींचे आकडे बरोबर आहेत, आणि ते वेगळे आले म्हणूनच बरोबर आहेत.

‘छद्म प्रथम कोटी’, किंवा वर्गात आपण म्हणतो तसे ‘स्यूडो फर्स्ट ऑर्डर’, हे अभिक्रियेचे वर्णन नाही. ते तुम्ही फ्लास्कमध्ये जी परिस्थिती मांडली तिचे वर्णन आहे. अभिक्रियेला बिचारीला काहीच लपवायचे नसते. तिचा वेग एस्टरवर अवलंबून आहे, पाण्यावर आहे, हायड्रोजन आयनांवर आहे. आपण व्यवस्था अशी करतो की प्रयोग संपेपर्यंत यातली एकच गोष्ट बदलावी. बाकीच्या जागच्या जागी राहिल्या की त्या वेगस्थिरांकाच्या पोटात जाऊन बसतात. म्हणून ग्राफवरून जो ‘के’ मिळतो तो खरा ‘के’ नसतो. त्याला आपण ‘के डॅश’ म्हणू. या प्रयोगात

के डॅश = के × [हायड्रोजन आयन] × [पाणी]

आम्ल दुप्पट केले की के डॅश दुप्पट व्हायलाच हवा. तुम्ही दोघी आपापला के डॅश आम्लाच्या तीव्रतेने भागा. उत्तर सारखे येईल. २५ अंश सेल्सिअसला इथिल अॅसिटेटसाठी ते साधारण ०.०००११ लिटर प्रति मोल प्रति सेकंद असते. म्हणजे अर्ध्या नॉर्मलमध्ये के डॅश ०.००००५५ प्रति सेकंद आणि अर्धायुकाल, म्हणजे एस्टर निम्मे व्हायला लागणारा वेळ, साडेतीन तासांच्या आसपास. एक नॉर्मलमध्ये पावणेदोन तास.

हा साडेतीन तासांचा आकडा लक्षात ठेवा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता पाण्याचा हिशेब एकदा हाताने करून पाहू, कारण ‘पाणी भरपूर असते’ एवढे वाक्य पाठ करून काहीच समजत नाही. नेहमीच्या प्रयोगात १०० मिली आम्लात ५ मिली एस्टर घालतात. इथिल अॅसिटेटची घनता ०.९० आहे, म्हणजे साडेचार ग्रॅम. रेणुभार ८८, म्हणजे ०.०५१ मोल. एकूण १०५ मिलीमध्ये एस्टरची तीव्रता जेमतेम ०.४९ मोलर होते. शुद्ध पाण्याची तीव्रता ५५.५ मोलर, आपल्या मिश्रणात ती ५२ च्या जवळपास धरा. एस्टरचा शेवटचा रेणू जरी फुटला तरी पाणी ५२ वरून ५१.५ वर येते. एक टक्काही फरक नाही. ब्युरेटच्या रीडिंगमध्ये आपण याहून जास्त चूक करतो.

पण याच प्रयोगात हायड्रोजन आयनही स्थिर आहेत आणि ते वेगळ्या कारणाने, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आम्ल ०.४८ मोलर आहे, एस्टर ०.४९. म्हणजे आम्ल मुळीच ‘जास्त’ नाही, एस्टरच्या बरोबरीचेच आहे! तरी ते कमी होत नाही, कारण ते उत्प्रेरक आहे. एका टप्प्यात खर्च होते आणि पुढच्या टप्प्यात परत मिळते. एखादी तीव्रता स्थिर राहते ती तीन वेगळ्या कारणांनी: पदार्थ खूप जास्त आहे, किंवा तो उत्प्रेरक आहे, किंवा बफरने धरून ठेवला आहे. तुमच्या प्रयोगात कोणता घटक कोणत्या कारणाने स्थिर आहे हे वहीत लिहून ठेवत जा. पुढे काही बिनसले तर चूक शोधायला तीच नोंद उपयोगी पडते.

(अॅसेटिक आम्ल तयार होते त्याचे काय, असा प्रश्न हमखास येतो. ते दुर्बल आम्ल आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल हजर असताना त्याचे आयनीकरण इतके दाबले जाते की हायड्रोजन आयनांत त्याची भर नगण्य असते. ब्युरेटमध्ये मात्र ते पूर्ण मोजले जाते, कारण सोडियम हायड्रॉक्साइड त्याला शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घेते. प्रयोग चालतो तो या दोन गोष्टींच्या जोरावर.)

या सगळ्याची सुरुवात साखरेपासून झाली. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लातल्या साखरेचे विघटन पोलरीमीटरने मोजले. सुक्रोजचे विशिष्ट घूर्णन धन ६६.५ अंश असते. त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले की ग्लुकोज धन ५२.७ आणि फ्रुक्टोज ऋण ९२, असे मिळून मिश्रण ऋण २० च्या आसपास येते. प्रकाश उजवीकडे वळत होता तो डावीकडे वळू लागतो, म्हणून या अभिक्रियेला ‘इन्व्हर्जन’ म्हणतात. विल्हेल्मीला दिसले की दर क्षणी जेवढी साखर उरली आहे तिच्या प्रमाणात साखर फुटते. गुल्डबर्ग आणि वागे यांचा वस्तुमानक्रियेचा नियम तेव्हा यायचा होता. त्यांचे पहिले लिखाण १८६४ चे. पाण्याचा वाटा विल्हेल्मीच्या समीकरणात दिसत नाही, कारण पाणी बदलतच नव्हते. वेगाचे गणित मांडणारी ही पहिली अभिक्रिया छद्म प्रथम कोटीची होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. छद्म कोटी म्हणजे नियमाला पडलेला अपवाद, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वेगाचा नियम सापडला तोच या वाटेने.

आता ‘जास्त म्हणजे किती’. पुस्तकात दहापट लिहिलेले असते. दहापट चालते, पण काय किंमत देऊन ते माहीत हवे. समजा पदार्थ अ ०.०१ मोलर आणि पदार्थ ब ०.१ मोलर. अ संपेपर्यंत ब ०.०९ वर येतो, म्हणजे आपण ज्याला स्थिर म्हणतोय तो दहा टक्के घसरला. द्वितीय कोटीचे पूर्ण समीकरण सोडवून पाहिले तर अ निम्मा व्हायला छद्म प्रथम कोटीच्या हिशेबापेक्षा सुमारे तीन टक्के जास्त वेळ लागतो, आणि ९० टक्के संपायला साडेसहा टक्के जास्त. वीसपट घेतले तर निम्म्याला दीड टक्का. शंभरपट घेतले तर ९० टक्क्यांनाही फरक जेमतेम ०.६ टक्का. तुमच्या उपकरणाची चूक पाच टक्के असेल तर दहापट पुरे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर एक टक्क्याचे काम करायचे असेल तर दहापटीवर समाधान मानू नका. दहापटीच्या पुढे जाताच येत नसेल तर ब ची सुरुवातीची तीव्रता न वापरता सरासरी तीव्रता, म्हणजे ०.०९५, वापरा. चुकीचा मोठा भाग तिथेच निघून जातो.

आणि ग्राफ सरळ आला, आर-स्क्वेअर ०.९९ आला, याचा आनंद जरा आवरा. एक गणित करून बघा. अस्सल द्वितीय कोटीची अभिक्रिया घ्या, दोन्ही घटक समान तीव्रतेचे, म्हणजे छद्म वगैरे काही नाही. ती निम्मी होईपर्यंतची पाच समान अंतरांची रीडिंग्ज घ्या आणि मुद्दाम चुकीचा, प्रथम कोटीचा ग्राफ काढा. नॅचरल लॉगच्या किमती ०, ०.२२३, ०.४०५, ०.५६० आणि ०.६९३ येतात. यांतून रेषा काढली तर आर-स्क्वेअर येतो ०.९९! चुकीच्या कोटीला ०.९९. म्हणजे अभिक्रिया निम्म्यापर्यंतच पाहिली तर आर-स्क्वेअर कोटीबद्दल काहीही सांगत नाही.

आता तो साडेतीन तासांचा आकडा आठवा. प्रॅक्टिकलला वेळ असतो दीड-दोन तासांचा. अर्ध्या नॉर्मल आम्लात २५ अंशांना दीड तासात अभिक्रिया जेमतेम चतुर्थांश होते. त्या तुकड्यावर कोणतीही रेषा बसेल. कोटी सिद्ध करायची असेल तर निदान तीन अर्धायुकाल, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के होईपर्यंत, थांबायला हवे. तापमान ३५ किंवा ४० अंश करा, आम्ल वाढवा, किंवा दिवसभर अधूनमधून येऊन रीडिंग घ्या. पण शेपटी पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

शेपटी म्हटली की अनंत काळाचे रीडिंग आले, व्ही-इन्फिनिटी. (व्ही म्हणजे वेळोवेळी काढलेल्या नमुन्यातले आम्ल मोजायला ब्युरेटमधून लागलेले सोडियम हायड्रॉक्साइड, मिलीमध्ये: सुरुवातीला व्ही-झीरो, टी वेळेला व्ही-टी, अभिक्रिया संपल्यावर व्ही-इन्फिनिटी.) माझ्या अनुभवात या प्रयोगातल्या निम्म्याहून अधिक चुका याच एका आकड्यात असतात. आपण आलेखावर काढतो तो

नॅचरल लॉग [(व्ही-इन्फिनिटी − व्ही-झीरो) ÷ (व्ही-इन्फिनिटी − व्ही-टी)]

हा चढता लॉग. व्ही-झीरो चुकले तर रेषा वर-खाली सरकते, उतार तोच राहतो, फार बिघडत नाही. व्ही-इन्फिनिटी चुकले तर रेषाच वाकते. ५ मिली नमुना आणि दशांश नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घेतले तर पहिल्या आणि अखेरच्या रीडिंगमधला फरक हिशेबाने २४ मिलीच्या आसपास येतो. व्ही-इन्फिनिटी ०.६ मिलीने कमी नोंदले असे धरा. अभिक्रिया निम्मी झाली असताना लॉग ०.६९३ ऐवजी ०.७१९ येईल, चार टक्क्यांहून कमी चूक. पण ९० टक्के झाली असताना २.३०३ ऐवजी २.५६५, म्हणजे अकरा टक्के. रेषेचे शेवटचे बिंदू वर उचलले जातात.

एका वर्षी माझ्या तुकडीतल्या जवळजवळ सगळ्यांच्या ग्राफचे शेवटचे बिंदू असेच वर गेले होते. तापमान तपासले, द्रावणे पुन्हा प्रमाणित केली, काही सापडेना. मग वॉटर बाथजवळ उभा राहिलो आणि नाकालाच कळले: एस्टरचा तो गोड वास. अभिक्रिया लवकर संपावी म्हणून मुले फ्लास्क बाथमध्ये तापवत होती आणि बुचे सैल होती. इथिल अॅसिटेट ७७ अंशांना उकळते. फुटण्याआधीच ते हवेत जात होते. जे उडाले त्याचे आम्ल कधी झालेच नाही, म्हणून व्ही-इन्फिनिटी कमी. तेव्हापासून मी तापवू देत नाही. बूच घट्ट लावून फ्लास्क त्याच तापमानाला दोन दिवस ठेवायचा आणि मग रीडिंग घ्यायचे.

हिशेबाने काढलेले व्ही-इन्फिनिटीही वापरू नका. ही अभिक्रिया उलटही जाते. इथिल अॅसिटेट बनण्याचा समतोल स्थिरांक साधारण ४ आहे. पाणी ५२ मोलर असले तरी तीन-साडेतीन टक्के एस्टर शेवटी शिल्लक राहतेच. म्हणून प्रत्यक्ष मोजलेले अंतिम रीडिंग हिशेबापेक्षा थोडे कमी येते. ते कमी येणेच बरोबर आहे.

दोन दिवस थांबणे शक्य नसेल तर १९२६ ची गुगेनहाइमची युक्ती आहे. ठरावीक वेळांना रीडिंग्ज घ्यायची, मग दोन-तीन अर्धायुकालांइतके अंतर ठेवून त्याच क्रमाने पुन्हा घ्यायची, आणि जोडीजोडीतल्या फरकाचा लॉग वेळेसमोर काढायचा. व्ही-इन्फिनिटी वजाबाकीत उडून जाते. मात्र अभिक्रिया प्रथम कोटीची आहे हे आधीच ठाऊक असेल तरच हे वापरावे. कोटी तपासायला ही पद्धत भोळी आहे.

टायट्रेशनबद्दल थोडे. पिपेटमधला नमुना बर्फाच्या पाण्यात सोडतात तो दोन कारणांसाठी: पातळ झाल्याने आम्लाची तीव्रता पाच-सहापट घटते आणि थंडीने वेग आणखी काही पट कमी होतो. अभिक्रिया थांबत नाही, रांगते. म्हणून टायट्रेशन लगेच करायचे. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग आला आणि मिनिटा-दोन मिनिटांत फिका पडला तर घाबरून आणखी थेंब घालू नका. उरलेले एस्टर आता अल्कलीत फुटते आहे; अल्कलीतला वेगस्थिरांक २५ अंशांना ०.११ आहे, आम्लातल्यापेक्षा हजारपट. पहिला गुलाबी रंग हाच अंत्यबिंदू.

तापमानाबाबतही ढिलाई नको. या अभिक्रियेत एका अंशाला वेग आठ-नऊ टक्क्यांनी बदलतो, साखरेच्या इन्व्हर्जनमध्ये पंधरा टक्क्यांच्या आसपास. बाथ हळूहळू तापत असेल तर रेषा वर वाकते. उलट, ‘जास्त’ घेतलेला घटक पुरेसा जास्त नसेल तर वेग मंदावत जातो आणि रेषा खाली झुकते. वाकण्याची दिशा पाहिली की चूक कुठे शोधायची ते निम्मे कळते.

इथपर्यंत आम्लाचे झाले. छद्म प्रथम कोटी हत्यार म्हणून कशी वापरतात हे पाहायचे तर क्रिस्टल व्हायोलेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडची अभिक्रिया करा. जांभळा रंग डोळ्यांदेखत जातो, ५९० नॅनोमीटरला मोजता येतो. रंगद्रव्य मोलरच्या एक लाखांशाइतके, अल्कली ०.०२, ०.०४, ०.०६, ०.०८ मोलर. म्हणजे अल्कली दोन हजारपटीपासून पुढे. दहा की वीस हा वादच नाही. प्रत्येक तीव्रतेला एक के डॅश मिळतो. खरा द्वितीय कोटीचा स्थिरांक ०.२ च्या आसपास असतो, त्यामुळे पहिल्या द्रावणात अर्धायुकाल सुमारे तीन मिनिटे, शेवटच्यात पाऊण मिनिट. आता चारही के डॅश अल्कलीच्या तीव्रतेसमोर मांडा. उतार म्हणजे खरा स्थिरांक.

हा दुसरा ग्राफ मला पहिल्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, आणि तो काढायचा कंटाळा केला जातो याचे वाईट वाटते. ही रेषा शून्यातून गेली तर अल्कलीशिवाय दुसरी वाट नाही. शून्याच्या वर अक्ष कापला तर अल्कलीविना चालणारी एखादी वाट आहे, पाण्याशी होणारी किंवा उलट दिशेची. शून्याच्या खाली कापला तर अल्कलीचा काही भाग दुसरेच कोणी खात आहे; बहुधा जुन्या द्रावणात शिरलेला कार्बन डायऑक्साइड. रेषा वर जाऊन सपाट होऊ लागली तर आधी एक संकुल बनते आणि ते मग फुटते. विकरांच्या बाबतीत नेहमी दिसते ते हेच. मात्र चारही द्रावणांत मीठ घालून आयनी तीव्रता सारखी ठेवा. इथे धन आयन आणि ऋण आयन भेटतात, आणि आयनी तीव्रता वाढली की त्यांचा वेग घटतो. ते सांभाळले नाही तर सपाट होणारी रेषा तुम्हाला नसलेल्या संकुलाची गोष्ट सांगेल.

पाण्याबाबत मात्र ही युक्ती चालत नाही, आणि इथे अनेक जण नको तो निष्कर्ष काढतात. पाणी विद्रावक आहे. त्याची तीव्रता निम्मी करायची तर अर्धा फ्लास्क दुसऱ्या कशाने तरी भरावा लागेल, आणि मग विद्रावकच बदलला, सगळे गणित बदलले. म्हणून ‘कोटी एक आली, अर्थात पाणी वेगनिश्चिती करणाऱ्या टप्प्यात नाही’ हे विधान चूक आहे. टर्शरी ब्युटिल क्लोराइड पाण्यात फुटताना कोटी एक येते आणि आपल्या एस्टरचीही एक येते. पहिल्यात क्लोराइड आधी सुटतो आणि पाणी नंतर येते, दुसऱ्यात पाणी स्वतः कार्बनवर चाल करते. कोटीवरून हा फरक दिसत नाही. त्यासाठी दुसरे पुरावे लागतात: विद्रावकाचा परिणाम, समस्थानिकांचा परिणाम, रेणूची रचना बदलून पाहणे. याच कारणाने के डॅशला पुन्हा ५५.५ ने भागून ‘खरा तृतीय कोटीचा स्थिरांक’ काढणे मला निरर्थक वाटते. आम्लाने भागा आणि थांबा.

जाता जाता एक गोंधळ दूर करतो. अधिशोषणाच्या कामातही ‘स्यूडो फर्स्ट ऑर्डर’ भेटतो, तो १८९८ च्या लागेर्ग्रेनच्या समीकरणाचा. तिथे घन पृष्ठभागावर समतोलाला किती पदार्थ बसेल आणि आत्ता किती बसला आहे यातल्या फरकाच्या प्रमाणात वेग धरलेला असतो. कोणताही घटक भरपूर घेऊन स्थिर ठेवलेला नसतो. नाव तेच, अर्थ वेगळा. तिथला स्थिरांक आपल्या के डॅशसारखा वापरू नका.

तेव्हा तुमच्या वहीत निकाल असा लिहा: के डॅश इतका प्रति सेकंद, आम्लाची तीव्रता इतकी, तापमान इतके, सुरुवातीचे एस्टर इतके, अभिक्रिया इतक्या टक्क्यांपर्यंत पाहिली. खाली आम्लाने भागलेला आकडा, लिटर प्रति मोल प्रति सेकंद या एककात. मैत्रिणीच्या वहीतही तेच करा. दोन आकडे पाच टक्क्यांच्या आत जुळले तर उत्तम. त्याहून लांब राहिले तर आधी बाथचे तापमान पाहा, मग व्ही-इन्फिनिटीच्या फ्लास्कचे बूच. वेळ मिळाला तर पाव नॉर्मल आम्लाने तिसरा प्रयोग करा आणि तिन्ही के डॅश आम्लासमोर मांडा.